अ‍ॅलन पेज यांना मी पहिल्यापासून ‘ते’ म्हणणार आहे

भारतातून कुणीही आलं की आम्ही त्यांना मॉल ऑफ अमेरिका दाखवायला नेतो. मिनियापोलिसच्या आसपासच्या जवळजवळ प्रत्येक मराठी घराचा हा रिवाज आहे. बाहेर उणे वीस असताना आईवडिलांना दुसरीकडे नेणार तरी कुठे? या जानेवारीत माझे बाबा आले होते, त्यांनाही नेलं. मॉलच्या मधोमध छताखाली मोठमोठे पाळणे आहेत, पोरांचा कल्ला असतो आणि त्या कल्ल्यात जमिनीवर होम प्लेटच्या, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाज उभा राहतो तिथल्या पाचकोनी पाटीच्या, आकाराचा एक फलक बसवलेला आहे. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांना दिसलेली प्रत्येक पाटी वाचायची सवय. मी सांगितलं, इथे पूर्वी मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं. १९५६ ते १९८१. बेसबॉलही इथेच आणि अमेरिकन फुटबॉलही इथेच.

“मग फुटबॉलचा कुणी मोठा खेळाडू होऊन गेला का इथे?” बाबांनी विचारलं.

त्या गोंगाटात मी एवढंच म्हणालो, “होता ना. पुढे न्यायमूर्ती झाला.” घरी परत येताना हे वाक्य मला टोचत राहिलं. एक तर मी ‘होता’ म्हणालो. आपण खेळाडूला सर्रास अरेतुरे करतो आणि न्यायमूर्तींना अहोजाहो. म्हणजे एकाच माणसाला १९८१ पर्यंत ‘तो’ म्हणायचं आणि नंतर ‘ते’? आणि दुसरं म्हणजे, त्या एका ओळीत अ‍ॅलन पेज मावत नाहीत. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

आधी ते खेळायचे काय, ते सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. बचाव करणाऱ्या संघातले सगळ्यांत पुढे, मधोमध उभे असतात ते डिफेन्सिव्ह टॅकल. समोर सव्वाशे किलोच्या माणसांची भिंत. ती फोडून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं, तेही दोन-तीन सेकंदांत. मी शाळेत कबड्डी खेळलो, उजवा कोपरा धरायचो, त्यामुळे मला हे काम बघितल्याबरोबर ओळखीचं वाटलं. चढाईपटूचं नाव जिल्हाभर होतं. पकड करणाऱ्याचं नाव गावापुरतं राहतं.

पेज यांचं मात्र देशभर झालं. ते १९६७ साली नोटर डेम विद्यापीठातून मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात आले. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांच्या फळीला लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणायचे. ‘क्वार्टरबॅकपाशी भेटू’ हे त्यांचं आपसातलं ब्रीद होतं. प्रशिक्षक बड ग्रँट कडाक्याच्या थंडीतही मैदानाच्या कडेला शेगड्या लावू द्यायचे नाहीत. त्या मैदानात पेज यांची ताकद होती ती चपळाई. चेंडू हलायचा आणि समोरचा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकच्या राखणीला उभा असलेला खेळाडू, पाय रोवून सरळ व्हायच्या आत ते त्याच्या खांद्याला वळसा घालून पलीकडे गेलेले असायचे. १९७१ साली डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात पंचांनी त्यांना लागोपाठ दंड दिले. ते त्यांना पटले नाहीत आणि मग उरलेल्या सामन्यात त्यांनी डेट्रॉइटला श्वासच घेऊ दिला नाही. जुनं चित्रण उपलब्ध आहे, जरूर पाहा. त्याच मोसमात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांना लीगचा, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवलं. बचाव करणाऱ्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर आजवर तो आणखी एकाच बचावपटूला मिळालाय, १९८६ साली लॉरेन्स टेलर यांना.

क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं की त्याला सॅक म्हणतात. पेज १९८१ मध्ये निवृत्त झाले आणि लीगने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली १९८२ पासून. ज्या कामासाठी हा माणूस पंधरा मोसम उभा राहिला, त्याचा अधिकृत रकाना कोरा आहे. संशोधकांनी नंतर जुनी चित्रणं आणि नोंदी तपासून आकडे काढले, पण ते अनधिकृतच. २१८ सामने सलग खेळले, एकही चुकवला नाही, एवढं मात्र नोंदीत आहे. आणि व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले, चारही वेळा हरले, हेही आहेच.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो. फुटबॉलपटूने पुढे चांगली वाट धरली आणि न्यायमूर्ती झाला, अशी ही गोष्ट इथेसुद्धा सांगितली जाते. क्रम उलटा आहे हो! पेज यांचा जन्म १९४५ चा, ओहायोतल्या कॅन्टन या पोलादाच्या गावातला. शाळा वेगवेगळ्या वर्णांच्या मुलांसाठी वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य असल्याचा निकाल १९५४ साली लागला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. वकील व्हायचं हे त्यांनी त्याच वयात ठरवलं होतं. फुटबॉल खूप नंतर आला. आई ते तेरा वर्षांचे असताना गेली. शिक पण नीट शिक, हा तिचा आग्रह होता. फुटबॉल हे त्यांच्यासाठी काम होतं, चोख करायचं काम, आणि वकिलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव.

कामगार म्हणूनच ते लीगशी भांडले. खेळाडूंच्या संघटनेत ते व्हायकिंग्जचे प्रतिनिधी होते. त्या काळी करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर त्याच्या बदल्यात नव्या संघाने काय भरपाई द्यायची, ते लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवायचे. भरपाईची ही टांगती तलवार असल्यावर कोण कशाला खेळाडू घेईल? म्हणजे करार संपूनही माणूस बांधलेलाच. या नियमाविरुद्ध जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी इथेच, मिनियापोलिसच्या फेडरल कोर्टात दावा लावला. पेज त्यातले एक वादी होते. १९७५ मध्ये न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, १९७६ मध्ये अपिलातही नियम बेकायदा ठरला. आज या खेळातले कोट्यवधी डॉलरचे करार ऐकून आपण तोंडात बोटं घालतो, त्याच्या मुळाशी हा दावा आहे.

मग आलं १९७८. त्याआधी त्यांच्या पत्नी डायन यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली होती, सोबत म्हणून पेज धावू लागले आणि त्यांना त्याची गोडी लागली. १११ किलोंचा माणूस शंभरपर्यंत उतरला. प्रशिक्षकांच्या मते त्या जागी उभं राहायला हे वजन अपुरं होतं. मोसम चालू असतानाच व्हायकिंग्जनी त्यांना सोडून दिलं. शिकागो बेअर्सनी शंभर डॉलरचं नाममात्र शुल्क भरून त्यांना घेतलं. अकरा वर्षं, १६० सामने आणि किंमत शंभर डॉलर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती. आमच्या आयटीत एका सकाळी लॅपटॉप बंद पडतो आणि माणसाला कळतं की आपण आता कंपनीत नाही. ते मी जवळून पाहिलंय, म्हणून असेल.

त्याच वर्षी पेज यांच्या हातात मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी होती. पूर्वी एकदा लॉ कॉलेजात नाव घालून तीन आठवड्यांत सोडलं होतं. दुसऱ्या खेपेला मोसम खेळत, विमानांत आणि हॉटेलांत वाचत पुरं केलं. बेअर्सकडून आणखी ५८ सामने खेळले, मोसम नसताना मिनियापोलिसच्या एका फर्ममध्ये वकिली केली. आणि १९७९ साली अख्खी मॅरेथॉन धावले. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा पहिला खेळाडू म्हणून त्यांचंच नाव घेतात. ज्या धावण्यापायी नोकरी गेली, ते त्यांनी सोडलं नाही. मला या माणसात सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

आता मी लिहायला बसलो त्याचं खरं कारण. व्हायकिंग्जमध्ये असतानाचा एक प्रसंग पेज यांनी पुढे अनेकदा सांगितलाय. एका नव्या प्रशिक्षकाने बचावफळीच्या खेळाडूंना प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, आळीपाळीने मोठ्याने वाचायला सांगितली. त्यातल्या काहींना वाचता येईना. हे सगळे चार-चार वर्षं कॉलेजात काढून आलेले. शाळेने, कॉलेजने त्यांना पुढे ढकललं होतं, कारण ते मैदानावर कुणाला तरी जिंकून देत होते.

हे वाचलं आणि मला तालुक्याचं एसटी स्टँड आठवलं. आमच्या संघाचा डावा कोपरा, नाव लिहीत नाही, त्याच्यासारखी घोट्याची पकड मी आजवर पाहिलेली नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेला निघालो की स्टँडवर तो दर वेळी मला विचारायचा, “कुठली गाडी रे आपली?” पाटी समोर असायची. मी वैतागायचो, डोळे फुटले काय तुझे, म्हणायचो. तो हसायचा. वर्गात तो नसायचाच. हजेरी मात्र लागायची आणि दर वर्षी पासही व्हायचा. शाळेच्या कपाटात कप वाढत होते. दहावीत बोर्डाचा पेपर आला तेव्हा कुणी ढकलणारं नव्हतं. तो नापास झाला आणि नंतर संघातूनही गेला, कारण तो आता शाळेत नव्हता. त्याला पाटी वाचता येत नव्हती हे मला इतक्या वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, एका अमेरिकन खेळाडूच्या आठवणीतून कळावं?

पेज फुटबॉलच्या ज्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात गेले, तो त्यांच्याच गावी, कॅन्टनला आहे. पोरवयात उन्हाळ्यात त्यांनी त्याच्या बांधकामावर मजुरी केली होती. १९८८ साली तिथे त्यांचा सत्कार झाला. बरेच खेळाडू परिचय करून द्यायला आपल्या प्रशिक्षकांना आणतात. पेज यांनी मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना आणलं आणि भाषण केलं ते मुलांच्या शिक्षणावर. त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू झालं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य मुलांना कॉलेजसाठी मदत मिळते, पण अट अशी की त्या मुलांनी वर्षाला पन्नास तास लहान मुलांना शिकवायला, त्यांच्यासोबत बसायला द्यायचे. पैसे देणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. पाटी वाचता न येणाऱ्याच्या शेजारी मोठं पोर बसवणारी ही संस्था मला फार मोलाची वाटते.

न्यायमूर्तिपदही त्यांना कुणी आदराने बोलावून दिलेलं नाही. मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लोक निवडून देतात, पण प्रत्यक्षात बरेच जण मुदत संपायच्या आत निवृत्त होतात आणि रिकामी जागा गव्हर्नर भरतात. १९९२ मध्ये ज्या जागेसाठी पेज उभे राहणार होते, तिथल्या न्यायमूर्तींची मुदत गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी वाढवून दिली, म्हणजे निवडणूकच नाही. पेज कोर्टात गेले. प्रश्न त्याच न्यायालयातल्या खुर्चीचा, म्हणून सगळे न्यायमूर्ती बाजूला झाले आणि बदली खंडपीठ बसलं. निकाल पेज यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली, ते जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरीला सक्तीची निवृत्ती असते, तोवर म्हणजे २०१५ पर्यंत ते तिथे होते. २०१८ मध्ये राष्ट्रपतींकडून मेडल ऑफ फ्रीडम, देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान, मिळालं आणि त्याच वर्षी डायन गेल्या.

मिनियापोलिसमधल्या एका शाळेला अलेक्झांडर रॅमसी यांचं नाव होतं. १८६२ मध्ये डकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला, असं म्हणणारे ते गव्हर्नर. मुलांनी इतिहासात हे वाचलं, नाव बदलायची मोहीम काढली आणि २०१७ पासून ती शाळा जस्टिस पेज मिडल स्कूल झाली. मुलांनी वाचलं म्हणून झालं हे, बघा.

हे सगळं मी बाबांना दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. पेज यांच्या डाव्या करंगळीचा फोटोही दाखवला. खेळात मोडून ती काटकोनात बाहेर वळली, ती तशीच आहे. बाबांनी फोटो बराच वेळ पाहिला. मी कबड्डी खेळायचो तेव्हा “खेळून पोट भरणार आहे का?” हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, गणती नाही. माझ्या शाळेत ते स्वतः शिकवत नव्हते, पण शिक्षक होते.

ताटातला हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “तो तुमचा डावा कोपरा... तो काय करतो रे आता?”

मला सांगता आलं नाही. त्या रात्री गावाकडच्या दोन मित्रांना मेसेज टाकला. एकाचं अजून उत्तर नाही. दुसरा म्हणाला, भाऊ माहीत आहे त्याचा, रविवारी बाजारात भेटला तर नंबर घेऊन ठेवतो.