सील नळी घासत नाही, नळी सील खाते

परवा भाच्याने एक संदेश पुढे पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, हे खरं आहे का? मी ट्यूब आणून ठेवलीय." हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्यांमध्ये हा संदेश बरेच दिवस फिरतोय. याआधी तिघांनी तो मला पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. या वेळी गप्प बसणं शक्य नव्हतं. पोरगा त्या ट्यूबमध्ये पिस्टनचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, बसवायला निघाला होता.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. होन केलेली, म्हणजे आतून घासणीच्या दगडांनी मापाला आणून गुळगुळीत केलेली ट्यूब हा विकणाऱ्यांनी गळ्यात मारलेला खर्च आहे. साधी कोल्ड ड्रॉन (थंडच ओढलेली) सीमलेस, म्हणजे बिनजोड, ट्यूब घ्या, आतून बोट फिरवा, गुळगुळीत लागली की थेट वापरा. उरलेला खरखरीतपणा सील आठवडाभरात घासून काढतं. फारच वाटलं तर ड्रिलला एमरी पेपर गुंडाळून आरशासारखी चकाकी आणा. होनिंगच्या तिरप्या रेघा म्हणजे तेल निसटायच्या वाटा, त्या नकोतच. आणि गळती झालीच तर दोष सीलचा, ट्यूबला हात लावू नका.

यातलं सर्वांत घातक वाक्य "सील घासून काढतं" हे. बाकी सगळं त्याच्याच जोरावर उभं आहे.

पॉलियुरेथेनचं सील शोअर ए मोजपट्टीवर साधारण ९० ते ९५ कठीण असतं. हातात घेतल्यावर टणक वाटतं, पण नखाने दाबलं तर दबतं. समोर आहे पोलाद. खोडरबर कानशीवर घासला तर झिजतं कोण? आता हिशोब करा. ५०० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, मिनिटाला ४ फेऱ्या, दिवसाचं ८ तास काम. एका फेरीत पिस्टन एकदा जातो, एकदा येतो, म्हणजे सीलची कड १ मीटर घासली जाते. दिवसाला १,९२० मीटर. जवळजवळ २ किलोमीटर, रोज, दाबाखाली. ज्या आठवड्यात ट्यूब गुळगुळीत होईल म्हणून सांगतात, त्या आठवड्यात सीलची कड गेलेली असते.

आणि झिजलेलं जातं कुठे? तेलात. रबराचा तो चुरा, पोलादाच्या टोकांचे तुटलेले कण, सगळं व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. चेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या, बैठकीत एक कण अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही आणि उचलून धरलेला भार हळूहळू खाली यायला लागतो. १०० मिलिमीटर बोअरच्या (बोअर म्हणजे ट्यूबची आतली पोकळी) पिस्टनवर २०० बारचा दाब म्हणजे सुमारे १६ टनांचा जोर. अशा वजनाखाली कुणी तरी काम करत असतं, हे संदेश लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकदाही आलेलं दिसत नाही.

अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करतो. नवीन होन केलेल्या बोअरमध्ये पहिल्या काही तासांत पृष्ठभागावरच्या सूक्ष्म शिखरांची बारीक टोकं खरंच दबतात, झिजतात. टेफ्लॉनच्या सीलमध्ये काचेचे तंतू किंवा ब्राँझची पूड मिसळलेली असेल तर ते सील धातूला थोडीफार चकाकीही आणतं. पण हे आधीच नीट फिनिश केलेल्या पृष्ठभागाचं बोलणं झालं.

नीट म्हणजे किती, हे मी माझ्या मनाने सांगत नाही. ट्रेलेबोर्ग ही सील बनवणारी मोठी स्वीडिश कंपनी. तिच्या कॅटलॉगमध्ये पॉलियुरेथेन आणि रबरी सीलसाठी बोअरचा आर-ए ०.१ ते ०.४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दिलाय, टेफ्लॉनच्या सीलसाठी त्याहून कडक, ०.०५ ते ०.२. आर-ए म्हणजे पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी. आता दुसरी बाजू बघा. कोल्ड ड्रॉन अचूक ट्यूबचं युरोपीय मानक ईएन १०३०५-१ आतल्या पृष्ठभागाला आर-ए ४ मायक्रॉनपर्यंत सूट देतं. प्रत्यक्षात पुष्कळ ट्यूब त्याहून बऱ्या येतात, पण ४ची ट्यूब आली तर तक्रार करता येत नाही, ती मानकात बसते. सीलची मर्यादा ०.४, ट्यूबला मुभा ४. दहा पट. सील हा फरक भरून काढेल असं म्हणणाऱ्याने एकदा दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायला हवे होते.

बोट फिरवून बघायचं म्हणतात. ०.३ आणि १ मायक्रॉन यांतला फरक बोटाला कळत नाही. नख अडकेल इतका ओरखडा कळेल, बाकी काही नाही. त्यासाठी सुईचा रफनेस टेस्टर असतो. तो ट्यूबच्या लांबीच्या दिशेने, पिस्टन धावतो त्याच वाटेने, दोन-तीन ठिकाणी फिरवावा.

तिरप्या रेघांचा मुद्दा मात्र वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. रेघ म्हणजे चर आणि चरातून तेल जाणार, हे कुणालाही खरं वाटेल. पण चराची दिशा आणि खोली बघा. कोल्ड ड्रॉन ट्यूब साच्यातून ओढून काढतात. ओढताना जे व्रण उठतात ते ट्यूबच्या लांबीला समांतर. पिस्टनच्या एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला जायला बघतो तोही नेमका याच दिशेने. म्हणजे संदेश जी ट्यूब "थेट वापरा" म्हणतो, तिच्यातच सीलच्या ओठाखालून, म्हणजे बोअरला टेकणाऱ्या कडेखालून, सरळ आरपार जाणारे चर असू शकतात. फटीतून होणारी गळती फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चर दुप्पट खोल झाला तर गळती आठपट.

होनिंगच्या रेघा उथळ, तिरप्या आणि एकमेकींना छेदणाऱ्या असतात. सीलचा ओठ त्यांत दबून बसतो आणि त्या जाळीत तेलाचा पातळ थर टिकतो. हा थर एखाद्या मायक्रॉनचा, कधी त्याहूनही पातळ असतो. त्याच्यावरच सील तरंगतं म्हणून टिकतं. खरखरीत ट्यूबची शिखरं हा थर फोडून वर येतात आणि सीलला सरळ कापतात.

जाळीशिवाय चांगला बोअर होत नाही असं मात्र नाही. स्कायव्हिंग करून, म्हणजे पात्यांनी आतला पातळ थर सोलून, रोलर बर्निशिंग केलेल्या ट्यूबमध्ये तिरप्या रेघा नसतात. तिथे रोलर शिखरं दाबून सपाट करतात आणि ती ट्यूब उत्तम चालते.

यातूनच आरशाचा मुद्दाही निकालात निघतो. फार चकचकीत बोअरमध्ये तेल धरायला जागा उरत नाही. ओठ तेल पुसून नेतो, सील कोरडं पडतं, तापतं, आणि हळू वेगात पिस्टन अडखळत, झटके देत चालतो. कधी किंचाळल्यासारखा आवाजही येतो. कॅटलॉगमध्ये खालची मर्यादाही दिलीय, ती उगाच नाही.

आर-ए ही नुसती सरासरी आहे, हेही विसरू नये. टोकदार शिखरांचा बोअर आणि सपाट माथ्यांमध्ये बारीक चर असलेला बोअर, दोघांचाही आर-ए ०.३ येऊ शकतो. पहिला सील कापतो, दुसरा सांभाळतो. म्हणून तोच कॅटलॉग आर-झेड, म्हणजे शिखरापासून दरीपर्यंतची उंची, मागतो आणि माथ्याजवळ किती टक्के धातू टेकायला आहे हेही मागतो, साधारण ५० ते ७० टक्के.

ड्रिल आणि एमरी पेपरबद्दल जास्त लिहीत नाही. पेपर आहे त्याच आकारावर फिरतो. नळी लंबगोल असेल तर लंबगोलच राहते, वर कुठे जास्त कुठे कमी घासली जाते. होनिंग फिनिशबरोबर गोलाई आणि मापही आणतं. १०० मिलिमीटरच्या बोअरला एच-८ या मापाच्या अचूकतेच्या श्रेणीत ५४ मायक्रॉनची सूट आहे, तेवढ्यात हाताने बसवून दाखवा. शिवाय एमरीची पूड बोअरमध्ये रुतून बसते. होनिंगनंतरसुद्धा बोअर गरम साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. नुसत्या डिझेलने पुसून ती पूड निघत नाही.

आणि "दोष सीलचा". सहा महिन्यांत तिसरं सील जात असेल तर बोअर मोजा. याहून जास्त या मुद्द्यावर सांगण्यासारखं काही नाही.

भाच्याला म्हटलं, सील पाकिटातच राहू दे, आधी आतला व्यास मोजणारा बोअर गेज लाव. तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. काल त्याने आकडे पाठवले. ९९.५६ ते ९९.६१ च्या दरम्यान. म्हणजे ती ट्यूब बनवणाऱ्याने होनिंगसाठीच आतून माल ठेवून दिली होती. १००चा पिस्टन तिच्यात गेलाच नसता आणि हा पिस्टनच लेथवर उतरवायला निघाला होता. ट्यूब आता होनिंगला गेलीय. १०० एच-८, आर-ए ०.२ ते ०.४, असं त्याने कागदावर लिहून दिलंय. परत आली की टेस्टर घेऊन मीच जाणार आहे.