डॉट ईएक्सई लपवून कुणाचं भलं झालं?

विंडोज ९५ पासून हाच तमाशा चालू आहे. नवं मशीन घ्या नाहीतर जुनं फॉरमॅट मारून आणा, फाइलच्या नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे शेवटच्या डॉटमागचा तुकडा, गायबच. म्हणे वर्ड फाइलचं डॉट डीओसीएक्स बघून साधा माणूस गोंधळतो. अरे, घाबरायचं ते डॉट ईएक्सईला, म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रामला, आणि नेमकं तेच झाकून ठेवताय व्हय!

कोल्हापूरच्या उद्यमनगर, गोकुळ शिरगावातल्या कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात रोज मेलवर परचेस ऑर्डरी, म्हणजे पीओ, येतात. झिप उघडली की आत 'पीओ डॉट पीडीएफ', आयकॉनही पीडीएफचाच. खरं नाव 'पीओ डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', शेवटचा तुकडा विंडोजनं गिळलेला. आयकॉनचं काय घेऊन बसलाय? ईएक्सई बनवणारा त्यात पाहिजे ते चित्र घालतो. एक्स्टेन्शन लपवलेलं असताना खऱ्या पीडीएफच्या नावात 'पीडीएफ' दिसायलाच नको. दिसलं की माऊसवरचा हात काढायचा. पण बिलं करणाऱ्या पोराला हे सांगतो कोण? २००० साली आयलव्हयू व्हायरस याच फटीतून जगभर शिरला, साध्या मजकुराच्या टीएक्सटीच्या मागं चालणारी व्हीबीएस स्क्रिप्ट लपवून. तरी अजून सेटिंग तेच!

आणि उपाय किती मोठा? विंडोज ११ वर फाइल एक्सप्लोरर उघडा, व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० वर व्ह्यू टॅबमध्येच त्या नावाची चौकट आहे, टिक करा. विंडोज ७ असेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबला जाऊन 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स'ची टिक काढा. चहा यायच्या आत होतं. फक्त प्रत्येक लॉगिनला वेगळं करावं लागतं. मालकाच्या लॉगिनवर केलं आणि अकाउंटंटचं तसंच राहिलं, तर काय उपयोग? मेल तोच उघडतो.

'एक्स्टेन्शन दिसायला लागलं की नाव बदलताना तेही उडतंय' ही तक्रार तर ऐकवत नाही. एफ २ दाबल्यावर डॉटच्या अलीकडचंच नाव सिलेक्ट होतं. तरी पुढचं खोडलंत, तर विंडोज आधी विचारतं. वाचा की जरा!

ईएक्सई एकटं नाही. बीएटी, व्हीबीएस, जेएस, एमएसआय, सगळी चालणारी पिलावळ. एससीआर तर महाबिलंदर: ऑटोकॅडच्या स्क्रिप्टलाही तेच एक्स्टेन्शन, त्यामुळं ड्रॉइंगवाल्यांना ते ओळखीचं वाटतं. विंडोजच्या लेखी मात्र तो स्क्रीनसेव्हर, म्हणजे सरळ चालणारा प्रोग्राम.

टिक केली म्हणून सगळं दिसतं असंही नाही, हा आणखी एक वैताग. शॉर्टकटचं एलएनके तेव्हाही लपलेलंच राहतं. शिवाय उजवीकडून डावीकडं लिहिण्याचं एक न दिसणारं चिन्ह नावात घुसवून अक्षरं उलटी दाखवता येतात, मग ईएक्सई पोटात आणि पीडीएफ शेवटी! म्हणून व्ह्यू डिटेल्सवर ठेवा आणि टाइपचा रकाना बघा. तिथं 'ॲप्लिकेशन' लिहिलंय? डिलीट.

झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह असाच तपासा. पिवळ्या फोल्डरच्या नावामागं डॉट ईएक्सई दिसलं, तर तो फोल्डर नव्हेच. फोल्डरला कुठलं आलंय एक्स्टेन्शन?