झाकली मूठ, बिल्डच्या फोल्डरात

तुम्ही बनवलेला कॉम्प्युटर गेम तयार आहे, त्याची चालती प्रत म्हणजे बिल्डही. तीन लेव्हल, एक बॉस म्हणजे दांडगा शत्रू, चालणारा मेनू आणि शेवटी तुमचं नाव. सुरुवात ते शेवट वीस मिनिटं. म्हणजे आता कुणीतरी तो खेळून बसण्याचा धोका अगदी दाराशी आलाय. घाबरू नका, 'अजून थोडं पॉलिश' म्हटलं की वर्षभराची निश्चिंती होते.

पहिलं पथ्य, गेम स्वतःच खेळायचा. पहिली लेव्हल तुम्ही आठशे वेळा पार केली आहे, त्यामुळे ती सोपी वाटू लागली आणि तुम्ही तिच्यात आणखी काटे पेरले. आता ती जगातल्या एकमेव तज्ज्ञाच्या मापाने शिवलेली आहे. तिथेच थांबा. कुणाला दाखवायची वेळ आलीच, तर शेजारी बसा आणि 'इथे दोनदा दाब, नाही नाही, आधी किल्ली घे' असं बोलत राहा. तोंड मिटून मागे बसायचं आणि माणूस कुठे अडतो तेवढंच कागदावर टिपायचं, हा प्रकार फार वाईट. पाचव्या मिनिटाला कळतं की दार कुठल्या बटणाने उघडतं हे गेममध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

तो माणूस कड्यावरून पडेल आणि म्हणेल, 'अहो, मी दाबलं होतं!' खरंच दाबलं होतं, फक्त कडा सुटल्यावर क्षणभराने. कडा सुटल्यानंतरही साधारण ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या (पडद्यावरच्या एकेका चित्राच्या) हिशेबाने सहा फ्रेम, उडी मान्य करायची, याला कोयोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी दाबलेलं बटणही तसंच लक्षात ठेवायचं. दोन्ही मिळून दहा-पंधरा ओळींचं काम आहे, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी गवत वाऱ्यावर डोलवणारा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम, घ्या, तीन आठवडे सहज जातात. तेही संपलं तर इंजिन, म्हणजे गेम ज्यात बनवला ते सॉफ्टवेअरच, बदला.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तर गेम मुळीच चालवू नका. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा, आणि हालचाल प्रत्येक फ्रेमला मोजलेली, डेल्टा टाइमने म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने गुणलेली नाही. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर नायक २.४ पट वेगाने धावत भिंतीवर आदळेल. फाइलच्या नावात मोठा एच आणि कोडमध्ये छोटा, हे विंडोज पोटात घालतं, लिनक्स घालत नाही. सेव्हचा, म्हणजे साठवलेल्या प्रगतीचा, पत्ता तुमच्याच डेस्कटॉपचा, तुमच्या नावासकट. मित्राला पाठवताना फक्त ईएक्सई फाइल उचललेली; गेमचं सामान ज्यात असतं ती गोडो इंजिनची पीसीके फाइल किंवा युनिटी इंजिनचा डेटा फोल्डर मागेच राहिला, म्हणून तिकडे काहीच सुरू होत नाही. निर्मात्याची डिजिटल सही नसलेल्या ईएक्सईवर विंडोज धोक्याची निळी पाटी लावतं, म्हणजे तुमच्या कुवतीबद्दल त्यालाही शंका आहे असं समजायला हरकत नाही. ब्राउझरमध्ये पहिला क्लिक होईपर्यंत संगीत गप्प असतं. त्यावर उपाय म्हणजे आरंभी 'सुरू करा' असं एक बटण. हे सगळं दोन-तीन संध्याकाळींत आवरतं, अडचण तीच आहे. ते आवरलं की दाखवायला कारण उरत नाही.

बगची म्हणजे चुकांची यादी मात्र जरूर करा, फक्त एकाच रांगेत. गेम बंद पडतो, सेव्ह उडतं, पुढे जाताच येत नाही, या तिघांना वेगळ्या कागदावर काढलं तर दिसेल की रिलीज अडवणारे एवढेच आहेत. बाकीचे चाळीस 'बटण दोन पिक्सेल डावीकडे' या जातीचे. सरमिसळ राहू द्या.

गेम विकायला ऑनलाइन दुकान निवडताना थेट स्टीम. प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरायचे, ते परत मिळतात गेमने किमान १,००० डॉलर कमावल्यावर. किमान पाच स्क्रीनशॉट, आणि 'लवकरच येत आहे' ही पाटी निदान दोन आठवडे. खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत पैसे परत मागता येतात, म्हणजे तुमचा वीस मिनिटांचा गेम पूर्ण करून परत देता येईल, तोही पाच वेळा खेळून. हा हिशेब रात्री दोन वाजता मांडावा. इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या साइटकडे फिरकूही नका. तिथे खातं फुकट, झिपच्या मुळाशी इंडेक्स डॉट एचटीएमएल ठेवून चढवली आणि ब्राउझरमध्ये खेळण्याची खूण केली की गेम पानावरच चालतो. पानाला पासवर्ड लावून फक्त पाच ओळखीच्यांना देता येतो, विक्रीतला साइटचा वाटाही तुम्हीच ठरवता. इतक्या सोयीत शंका जगणार कशी?

तुलना करायची ती 'स्टारड्यू व्हॅली'शी. तो एकट्याने केलेला, तुमचाही एकट्याने, मग बरोबरी नको का? चार वर्षांहून अधिक काळ खपून तो २०१६ साली आला हा तपशील गाळायचा. चिकाटीसाठी आदर्श म्हणून 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' ठेवा: घोषणा १९९७ साली, आणि घोंगडं २०११पर्यंत भिजत. शेवटी त्यांचाही तोल गेला आणि रिलीज केलाच, हे दुर्दैव.

आणि लोक हसतील, ही भीती काचेच्या भांड्यासारखी जपा. पहिल्या हौशी गेमकडे बहुधा कुणाचं लक्षच जात नाही. थोडे डाउनलोड होतात, कुणीतरी 'आवाज कमी कुठे करायचा?' असं विचारतं, बस्स. इतकं कमी घडणार असेल तर इतकी वर्षं घाबरलो कशाला, असा प्रश्न उभा राहू शकतो. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

एवढं सांभाळूनही चुकून रिलीजचं बटण दाबलं गेलंच, तर दुसऱ्या लेव्हलच्या खड्ड्यात अडकलेला एखादा अनोळखी माणूस तक्रार करेल. म्हणजे तो पहिली लेव्हल पार करून आला. त्याला उत्तर देऊ नका. नाहीतर रात्री बसून खड्ड्यात एक पायरी घालाल, आवृत्ती १.०.१ चढवाल, आणि तो तिसऱ्या लेव्हलबद्दल लिहायला येईल.