‘दोन तास गाडी चालवा, बॅटरी फुल’: कॅम्पर व्हॅनच्या एका मेसेजचा हिशेब

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यातला एक माझा मामेभाऊ. त्याने जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली आहे, मागे पलंग आणि ओटा करायला सुताराकडे दिली आहे. मेसेजखाली त्याने विचारलं होतं, “दादा, असंच करू ना?” मेसेज थोडक्यात असा:

‘कॅम्पर व्हॅन बनवताय? दुकानदारांच्या नादी लागू नका. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पलंगाखाली ठेवा आणि वायर ओढून इंजिनच्या बॅटरीला जोडा. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, १०० वॅटचं सामान १८ तास चालेल. दोन तास गाडी चालवली की बॅटरी फुल. लिथियम महाग आणि उन्हात फुटते. टपावर १०० वॅटचं एक पॅनल टाका, आयुष्यभर वीज फुकट. चार्ज बघायला साधा व्होल्टमीटर पुरे.’

लिहिणारा खोटारडा नाही. घरातला अनुभव त्याने उचलून जसाच्या तसा गाडीत नेला, एवढंच. घरी इन्व्हर्टरची बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस भरलेलीच बसून असते. लाईट गेली की तास-दोन तास राबते, आणि लाईट आली की तिला रात्रभर निवांत भरून घेता येतं. गाडीत सगळं उलटं. बॅटरी रोज रिकामी होते आणि भरायला सवड म्हणून मिळत नाही. मेसेजमधल्या बहुतेक चुका या एका फरकातून निघाल्या आहेत.

आधी ते १८०० वॅट-तास. गुणाकार बरोबर आहे. पण बॅटरीवर छापलेले १५० एएच (अँपिअर-तास) हे बहुधा २० तासांच्या हिशेबाचे असतात, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश काढले तर. ट्यूब्युलर ही शिसं-आम्लाची बॅटरी, आणि करंट वाढवला की ती हात आखडता घेते. शिवाय तिला रोज तळापर्यंत उपसली तर ती लवकर जाते. निम्म्यावर थांबावं, असं कोणताही जुना बॅटरीवाला सांगेल. उरले ९००. त्यातून इन्व्हर्टरची घट दहा-पंधरा टक्के. म्हणजे हातात पडतात आठशेच्या आसपास, १०० वॅटला आठ तास. आणि घरचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी तो स्वतःसाठी १०-२० वॅट खातो. १५ धरले तरी दिवसाला ३६० वॅट-तास, हाताशी असलेल्यातला जवळजवळ निम्मा हिस्सा, कुणाचाही फोन चार्ज न होता. म्हणून गाडीत पंखा, दिवे, फ्रिज सगळं १२ व्होल्टचं घ्यावं आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हाच चालू करावा. इंडक्शन शेगडीचं नावच काढू नका: २००० वॅटला १८० अँपिअरच्या वर करंट लागतो. चहाला आधण येण्याआधी इन्व्हर्टर शिट्टी मारून झोपतो. गॅस बरा.

आता मुख्य मुद्दा, दोन तासांत फुल. इथे मी स्वतः पोळलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या पहिल्या व्हॅनमध्ये मी मेसेजमधलंच केलं होतं. पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीपासून मागपर्यंत ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, जायला पाच मीटर, यायला पाच मीटर. पुणे-गुहागर सहा-सात तास चालवूनही रात्री दहाला दिवे मंद व्हायचे. बॅटरीवाल्याला शिव्या घालून झाल्या. मग एका संध्याकाळी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. पुढे १४.१ व्होल्ट, मागे १३.२. क्लॅम्प मीटरवर १६ अँपिअर. मधला पाऊण-एक व्होल्ट वायर आणि तिच्या टोकांचे लग (जोडणीचे तुकडे) खात होते. ४ मिमीच्या तारेला मीटरमागे साधारण ४.६ मिलिओहमचा रोध असतो. दहा मीटरचे झाले ४६. ३० अँपिअर न्यायचे म्हटले तर नुसत्या तारेत १.४ व्होल्ट जातात. तीच तार २५ चौरस मिमीची घेतली, तर घट पाव व्होल्टाच्या आत येते. मेसेजवाला ‘वायर ओढा’ म्हणतो, कुठली ते सांगत नाही, आणि दोन्ही टोकांना फ्यूज हवा हे तर त्याच्या गावीच नाही. चेसिसला घासून एखाद्या दिवशी सालपट निघालेली तार, दोन्हीकडे दोन भरलेल्या बॅटऱ्या, आणि मध्ये फ्यूज नाही. यापेक्षा वाईट वायरिंग मला सुचत नाही.

पण जाड तार घातली तरी दोन तासांत काम होत नाही. शिसं-आम्लाच्या बॅटरीला क्षमतेच्या साधारण दहा टक्के करंट द्यायचा, असा दुकानातला जुना ठोकताळा आहे. १५० एएचला १५ अँपिअर. निम्म्यावरून पंचाऐंशी टक्क्यांपर्यंत यायलाच साडेतीन तास. त्यापुढे बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घेत जाते, आणि १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवली तर शेवटचा टप्पा आणखी तीन-चार तासांत पुरा होतो. माझ्या मागच्या बॅटरीला १४.४ कधी दिसलेच नव्हते. ती रोज सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर अडकायची, प्लेटांवर सल्फेट धरत जायचं, आणि दीड वर्षात ती इतकी खंगली की घरच्या घड्याळालाही पुरेना. बॅटरी खराब नव्हती. मी तिला कायम अर्धपोटी ठेवलं होतं.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राचं व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरवतो. पुढची बॅटरी भरली असं त्याला वाटलं की डिझेल वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो. मागे कोणी भुकेलं बसलंय हे त्याला काय माहीत? आणि नुसती सरळ तार जोडली की उभ्या गाडीत मागचा पंखा पुढच्या बॅटरीवरही चालतो. वेळासला कासवं बघायला गेलो होतो. पहाटे समुद्रावरून परत आलो, किल्ली फिरवली, नुसतं टक्-टक्. गावातल्या एकाने बोलेरो आडवी लावून जंपर दिला. पैसे घेतले नाहीत, पण गाडीत पलंग, पंखा, फ्रिज सगळं बघून जे हसला, ते अजून आठवतं.

या सगळ्यावर उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. पुढून मिळेल ते व्होल्टेज घेऊन मागच्या बॅटरीला हवं तेवढं करून देतो, आणि इंजिन बंद झालं की दोघींची ताटातूट करतो. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांत ६० एएच भरतो. आता गंमत बघा: १०० एएचच्या लिथियम बॅटरीला हे ६० एएच म्हणजे निम्म्याहून जास्त, कारण ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. म्हणजे ‘दोन तास’ हा दावा थोडाफार खरा ठरतो तो मेसेजने नाकारलेल्या बॅटरीबाबत. मात्र लिथियमला अल्टरनेटर थेट जोडू नका. ती समोर येईल तेवढं ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखा मंद, करंट मात्र पुरा. तो तापून जळतो.

लिथियम फुटते, हा पुढचा मुद्दा. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटरना लागलेल्या आगींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे भीती समजते. पण लिथियम हे आडनाव झालं, घराणी वेगळी. गाडीच्या मागच्या बॅटरीसाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात तिला एलएफपी म्हणतात. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे निकेल-कोबाल्टच्या सेलच्या मानाने ती बरीच जास्त उष्णता सोसते आणि पेटायला सहज तयार होत नाही. (हा पदार्थ बॅटरीत चालतो हे १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या गुडइनफ यांच्या गटाने दाखवलं, त्या निबंधावर पहिलं नाव अक्षय पाधी यांचं आहे.) वजनाचं म्हणाल, तर आम्लासकट १५० एएचची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलो भरते, १०० एएचची एलएफपी बारा किलोच्या आसपास, आणि रोज वापरता येणारी वीज हिचीच जास्त.

धोका नाहीच असं मी म्हणत नाही. बाजारात जुन्या पॅकमधून काढलेले सेल नवं प्लास्टिक चढवून विकले जातात. बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की चार्जिंग तोडणारं सर्किट) कोणता आहे ते विचारा. विक्रेता गडबडला तर उठून या. दुसरी गोष्ट थंडीची. स्पिती-लडाखला निघाला असाल तर लक्षात ठेवा, शून्याखाली एलएफपीला चार्ज करायचं नसतं. आत लिथियमचा धातू साचून सेल कायमचा बिघडतो. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला सप्टेंबरातही रात्री पारा शून्याखाली जातो, आणि सकाळी सूर्य वर आला की पॅनल लगेच करंट ढकलू लागतं, सेल अजून गोठलेलाच असताना. कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस हवाच. कोकणापुरतंच फिरणार असाल तर ही काळजी सोडा.

उलट ट्यूब्युलरला मेसेजवाला अगदी गरीब गाय समजतो. ती भरत आली की हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते, आणि हा माणूस ती बंद गाडीत, झोपायच्या पलंगाखाली ठेवायला सांगतोय! घाटात आम्ल हिंदकळतं ते वेगळंच. उन्हाचंही तसंच: २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात नागपूरला उभ्या गाडीत आधी कोण दमेल, हे सांगायला नको.

१०० वॅटच्या पॅनलबद्दल फार लिहीत नाही. टपावर आडवं ठेवलेलं, तापलेलं पॅनल एप्रिलच्या लख्ख दिवशी साडेतीनशे-चारशे वॅट-तास देतं. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात तेवढे एकटाच खातो. कोकणातली जुलैतली आकडेवारी तर काढूच नका. आणि कोकणात गाडी लावायची जागा म्हणजे सुरूचं बन किंवा आंब्याची सावली. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे एका फांदीच्या सावलीनेही उत्पादन धाडकन पडतं. गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात, हे हवं असेल तर घडीचं पॅनल घेऊन लांब केबल टाकावी लागते. मी तेच करतो. दिवसातून दोनदा पॅनल सरकवणं हा आता चहासारखा कार्यक्रम झाला आहे.

व्होल्टमीटर: शिसं-आम्लाला तो चालतो, पण बॅटरीला काही तास आराम दिल्यावर. तेव्हा १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पंखा चालू असताना वाचलेला आकडा फसवा. एलएफपीला तर तो निरुपयोगीच. जवळजवळ भरलेली असो की निम्मी, आकडा साधारण १३.१ ते १३.३ च्या आत घुटमळतो आणि मग अचानक अंधार. शंट असलेला मीटर लावा. तो आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजतो, दुकानाच्या वहीसारखे.

एक गोष्ट मात्र मान्य. वर्षातून तीन-चारदाच निघणारे, आणि तेही पार्किंगला २३० व्होल्टचा पॉइंट मिळेल अशाच ठिकाणी उतरणारे, यांनी लिथियमवर पैसे घालायची गरज नाही. सीलबंद एजीएम बॅटरी (शिसं-आम्लाचीच, पण आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) आणि चांगला चार्जर भागवतो. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कांची कल्पना आहे, म्हणून हा पर्याय अगदीच हवेतला नाही.

मामेभावाने उत्तर यायच्या आधीच ट्यूब्युलर घेऊन टाकली होती. घेतली तर घेतली. त्याला सांगितलंय: झाकण असलेला प्लास्टिकचा खोका, त्यातून गाडीबाहेर जाणारी वाफेची नळी, ३० ऐवजी १५ अँपिअरवर लावलेला डीसी-डीसी चार्जर, दोन्ही टोकांना फ्यूज, महिन्याला डिस्टिल्ड वॉटर, आणि घरी आल्यावर रात्रभर साध्या चार्जरला. नीट ठेवली तर तीन-एक वर्षं काढेल. आणि सुतार पलंगाची फळी ठोकायच्या आत ती तिथून हलव, मागच्या दाराजवळ आण.