पान ६ आणि पान १९

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबेल.

काल रात्री बाबांनी बीपीचं नवीन मशीन पहिल्यांदा लावलं. जिना चढून आले, खुर्चीत टेकले आणि लगेच शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. १६८. घाबरून लगेच पुन्हा लावलं, १७२. मग मला उठवायला नको म्हणून रात्रभर एकटे जागे राहिले.

सकाळी मी मॅन्युअल उघडलं. पान ६ वर कफ बांधा, बटण दाबा. आणि पान १९ वर 'सर्वसाधारण सूचना' म्हणून बारीक अक्षरांत: आधी ५ मिनिटं शांत बसा, दंड उघडा ठेवा, पट्टा हृदयाच्या पातळीला हवा, बोलू नका, दोन मोजण्यांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या. तेरा पानं उशिरा! इशारा कृतीच्या आधी द्यायचा, हे आम्हा मॅन्युअल लिहिणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतात.

बरं, 'कफ', म्हणजे इंग्रजीत तो दंडाचा पट्टा. मराठीत कफ छातीत होतो हो! बाबांना तो दंडाला कसा बांधायचा ते कळेना. मधे एकदा स्क्रीनवर 'ई २' आलं. तक्त्यात अर्थ दिलाय 'दाब त्रुटी'. बाबांना वाटलं, आपल्याच रक्तदाबात काहीतरी बिघडलंय. म्हणायचं होतं इतकंच की पट्टा सैल आहे, नीट बांधा. हे शब्द लिहिणाऱ्याने एकदा तरी घाबरलेल्या माणसाच्या जागी बसून वाचले होते का?

लोक मॅन्युअल वाचतच नाहीत, असं कुणीतरी म्हणेलच. खरंय, नाही वाचत. पण १९८० च्या दशकात आयबीएम या संगणक कंपनीत संशोधक जॉन कॅरोल यांना हेच दिसलं होतं, माणसं पानं सोडून थेट कामाला हात घालतात. त्यांनी माणसांना दोष दिला नाही, मॅन्युअलच छाटलं आणि कामाभोवती नव्याने बांधलं. आपण मात्र अजून मशीनच्या क्रमाने लिहितो. आधी भागांची नावं, मग बटणं, मग स्क्रीनवरची चिन्हं. बाबांच्या मनात रात्री एकच प्रश्न होता, हा आकडा खरा आहे का. त्याचं उत्तर एका जागी कुठेच नाही.

कायद्यासाठी काही मजकूर घालावाच लागतो, तेही मान्य. घाला, पण पान ६ ची किंमत देऊन नको.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, कारण मीही हे केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मेन्यूच्या क्रमाने लिहिलं होतं, एकही मेन्यू न सोडता. चुकलेलं बिल दुरुस्त कसं करायचं, हे त्यात तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांत होतं. तेव्हाही कुणीतरी त्या पानांसमोर असंच अडून बसलं असेल. त्यांची माफी कुठे मागू?

दुपारी बाबांना शांत बसवून पुन्हा मोजलं. १३४. पण कालचे आकडे त्यांच्या मनातून जाईनात. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या. पहिली ओळ: 'आधी ५ मिनिटं पाठ टेकून बसा, मशीनला हात लावू नका.' कागद डब्याच्या झाकणावर आतून चिकटवला.

बाबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "पायावर पाय टाकून बसलं तर चालेल?"

नाही चालत, आणि मी ते लिहायचं विसरले होते. सहावी ओळ लिहिली.