दीवची टेकडी आणि ९ डिसेंबर

गेल्या आठवड्यात दीवला जाऊन आलो. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे दीवला गर्दी कशासाठी होते हे सांगायला नको, आमच्या गाडीतही तेच चाललं होतं. मला मात्र 'खुकरी' या आपल्या बुडालेल्या युद्धनौकेचं स्मारक बघायचं होतं.

चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, समोर नुसता समुद्र. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री इथून साधारण ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. अवघ्या काही मिनिटांत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजावरच थांबले. मरणोत्तर महावीर चक्र.

शेजारी एक आजोबा नातवाला सांगत होते, "कॅप्टनने जहाज सोडायचं नसतं, तशी पद्धतच असते." मला ते खटकलं. पद्धत म्हणून कोणी बुडत नाही हो. दुसऱ्याच्या अंगात जॅकेट चढवताना त्या माणसाने काहीतरी ठरवलेलं असतं.

आणि आपण सगळे तिथेच थांबतो, मीही इतकी वर्षं थांबलो होतो. जहाजावरचा कॅप्टन, मावळतीचा सूर्य, एक फोटो. पण पाणबुडी शोधायला निघालेलं जहाज स्वतःच का सापडलं? सोनारचा, म्हणजे पाण्याखालचा आवाज ऐकून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा, पल्ला वाढवण्याची चाचणी चालू होती, त्यासाठी वेग कमी ठेवला होता. हंगोरला आपली जहाजं आधीच ऐकू येत होती. मुल्लांच्या धैर्याबरोबर हेही सांगायला हवं. १९४ घरांना नुसती फुलं कशी पुरतील?

४ डिसेंबरला, कराचीवरच्या हल्ल्याच्या आठवणीत, आपण नौदल दिन दणक्यात करतो. २०२३ मध्ये तर तो आपल्या तारकर्लीत झाला. पाचच दिवसांनी येणारी ९ तारीख मात्र कोरडी जाते. खुकरी निघाली होती मुंबईहूनच, पण मुंबईत दहा जणांना विचारून बघा.

हेच नाव घेतलेली दुसरी खुकरी माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती निवृत्त झाली आणि संग्रहालयासाठी दीवला देण्यात आली. तिच्यातली एक खोली सोनारला द्या. तो कसा ऐकतो, त्या रात्री काय ऐकू आलं नाही, सगळं मांडा. त्या नातवाला टेकडीवरून थेट तिथे न्यायला मला आवडलं असतं.