मोकळ्या खाटा, तीन पाळ्या आणि चार माणसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रुग्णालयातील मनुष्यबळ, सामग्री, जागा आणि वेळ यांच्या नियोजनावर मी लिहिलेल्या लेखावर आपण रात्रपाळी संपवून इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मुख्यतः तीन आहेत. रुग्णालय हा कारखाना नाही, त्यामुळे परिचारिकेची मिनिटे मोजणे हा तिच्या कामाचा अपमान आहे, हा पहिला. खरा प्रश्न माणसे कमी असण्याचा आहे आणि ‘नियोजन’ हा शब्द तो झाकण्यासाठी वापरला जातो, हा दुसरा. वॉर्डात रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपलेले असताना पंधरा टक्के खाटा मोकळ्या ठेवा असे सांगणे ही चैन आहे, हा तिसरा. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझ्या लेखात खरोखरच उणीव राहिली होती.

सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक खाटा भरू देऊ नयेत, म्हणजे पंधरा टक्के मोकळ्या ठेवाव्यात, असे मी लिहिले होते; हा आकडा मी मनाने ठरवलेला नाही. तातडीने दाखल होणाऱ्या रुग्णांचे संगणकावर प्रारूप मांडून केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या राहू लागल्या की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांच्या वर गेल्यास खाटांची टंचाई नेहमीचीच होते, असे त्यात आढळले. याचे कारण समजायला अवघड नाही. रुग्ण वेळापत्रक बघून आजारी पडत नाहीत. एखाद्या वॉर्डात दिवसाला सरासरी २० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे, अवचित येत असेल, तर सहा-सात दिवसांतून एकदा २५ किंवा त्याहून जास्त रुग्ण येणार, हे गणितच सांगते. ज्या वॉर्डात सरासरीइतक्याच खाटा आहेत, तिथे त्या दिवशी कोणाला तरी जमिनीवर झोपावे लागणार. म्हणजे आपण ज्या गाद्यांबद्दल लिहिले आहे, त्या बऱ्याच अंशी मोकळी जागा शिल्लक न ठेवल्याचाच परिणाम आहेत. मात्र आधीच शंभर टक्क्यांच्या वर गेलेल्या वॉर्डाने ८५ वर यायचे कसे, हे मी लिहिलेच नव्हते. दारात आलेल्याला परत पाठवून ते साधायचे, असा अर्थ त्यातून निघत असेल, तर आपला संताप अगदी योग्य आहे.

मार्ग दुसरा आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध करून दाखवला : रोज येणाऱ्यांची सरासरी संख्या आणि प्रत्येकाच्या मुक्कामाचा सरासरी काळ यांचा गुणाकार केला की एका वेळी आत किती जण असतील ते कळते. रोज २० रुग्ण आणि साडेचार दिवसांचा मुक्काम म्हणजे ९० खाटा. आता यातले सहा तास, म्हणजे पाव दिवस, उपचार संपल्यानंतर नुसते थांबण्यात जात असतील, तर २० गुणिले पाव, म्हणजे पाच खाटा रोज बरे झालेल्या माणसांनी अडलेल्या असतात. इमारतीला एक वीट न लावता त्या पाच खाटा मिळू शकतात.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. मी व्यवस्थापनात होतो त्या एका रुग्णालयात एकदा सकाळच्या राउंडपासून एका रुग्णाशेजारी बसून राहिलो. साडेनऊला डॉक्टरांनी ‘आज घरी जा’ असे सांगितले. डिस्चार्ज कार्ड लिहिणारे निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेले, ते दीडला परतले. उरलेली औषधे परत करण्यासाठी नातेवाइकांना दोनदा खाली जावे लागले, कारण पहिल्या वेळी कागदावर सही नव्हती. बिलाच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी झाली. शेवटी व्हीलचेअर मिळेना. रुग्ण पाच वाजता बाहेर पडला. साडेसात तासांत प्रत्यक्ष काम जेमतेम पन्नास मिनिटांचे होते आणि त्या सबंध वेळात कॅज्युअल्टीत एक आजोबा स्ट्रेचरवर त्याच खाटेची वाट पाहत होते. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवशी कोणीही कामचुकारपणा केला नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. घरी जाण्याची शक्यता असलेल्या रुग्णांची कार्डे आदल्या संध्याकाळीच तयार ठेवायची, एवढी एक गोष्ट आम्ही बदलली आणि बहुतेक रुग्ण दुपारच्या जेवणाआधी घरी जाऊ लागले.

आता माणसांच्या टंचाईबद्दल. टंचाई आहे, आणि कोणतेही वेळापत्रक ती भरून काढू शकत नाही, याविषयी आपल्यात मतभेद नाही. परंतु ‘माणसे कमी आहेत’ हे वाक्य मंजुरी देणाऱ्याच्या टेबलावर वर्षानुवर्षे पडून राहते आणि हिशेब मांडला की त्याला उत्तर द्यावे लागते, हा माझा अनुभव आहे. वॉर्डात प्रत्येक वेळी एक परिचारिका हजर हवी असेल, तर तीन पाळ्यांसाठी तीन माणसे, असे सर्रास धरले जाते. वर्षाच्या पाळ्या होतात ३६५ गुणिले तीन, म्हणजे १०९५. एका व्यक्तीच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा, आजारपण, सण, प्रशिक्षण मिळून आणखी ४० दिवस वजा केले, तर ती वर्षातून २७३ दिवस कामावर येऊ शकते. १०९५ भागिले २७३ म्हणजे चार. रजा राखीव पद, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी काम करणारे जादा पद, मंजूर नसल्यामुळे हे चौथे माणूस कागदावर कुठेच नसते. त्याचे काम उरलेल्या तिघींच्या बुडालेल्या सुट्ट्यांतून आणि सलग केलेल्या डबल ड्युट्यांतून वसूल केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ ही पद्धत नेमका हाच हिशेब करते. कामाचा प्रत्यक्ष भार आणि एका व्यक्तीला वर्षात खरोखर मिळणारा वेळ यांची सांगड घालून ती पदसंख्या काढते. एका कामाला किती वेळ लागावा हे त्या कामातील अनुभवी माणसे ठरवतात, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब आहे.

आपल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचे नळ आणि जेवण वर आणण्यासाठी लिफ्ट असावी असा आग्रह धरला, तो परिचारिकेला सतत जिने चढावे-उतरावे लागू नयेत म्हणूनच. मोजायचे ते हेच : ती रुग्णापासून किती वेळा आणि कशासाठी दूर जाते. एका रात्रपाळीत मी एका सिस्टरांच्या मागे मागे फिरलो. शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या एका इन्फ्युजन पंपासाठी त्या तीन वॉर्ड हिंडल्या. तिसऱ्या वॉर्डात पंप होता, पण ‘उद्या लागला तर?’ म्हणून तो चादरींच्या कपाटात ठेवलेला होता. त्यांच्या स्वतःच्या एप्रनच्या खिशातही सलाइनसाठी शिरेत घालायच्या सहा नळ्या (कॅन्युला) होत्या, कारण स्टोअरवर त्यांचा भरवसा नव्हता. अशी लपवाछपवी रागावून थांबत नाही. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे लेखी मागणी, दिल्यावर वस्तू सांगितलेल्या वेळी येते, हे काही आठवडे अनुभवाला आले की कपाटे आपोआप मोकळी होतात. त्यासाठी स्टोअरनेही केवळ किमतीवरून वर्गवारी करून भागत नाही. ॲड्रिनॅलिनची कुपी खर्चाच्या यादीत तळाला असते, पण क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या ढकलगाडीत, ती नसेल तर हृदय थांबलेल्या रुग्णाजवळ उभे राहून काय वाटते, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणून जीवरक्षक, आवश्यक आणि असल्यास बरी, अशी दुसरी वर्गवारी किमतीच्या जोडीला लागतेच.

तरीही आपल्या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. मिनिटांच्या नोंदी वरिष्ठांच्या हाती गेल्या आणि त्यांतून ‘अमुक सिस्टरला जास्त वेळ लागतो’ असा शेरा निघाला, तर पुढच्या महिन्यापासून त्या नोंदी खोट्या होतात, आणि त्यात चूक नोंद करणाऱ्यांची नसते. रडणाऱ्या नातेवाइकाजवळ घालवलेली दहा मिनिटे कोणत्या रकान्यात लिहायची, हा आपला प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. ती उपचाराच्याच रकान्यात लिहावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

या उत्तरासोबत मूळ लेखात दोन बदल केले आहेत. ‘परिचारिकांच्या वेळेची नोंद व्यवस्थापनाने ठेवावी’ हे वाक्य काढून ‘नोंद वॉर्डातील परिचारिकांनी ठेवावी, ती नावाविना असावी आणि तिचा पहिला उपयोग पदांची मागणी करण्यासाठी व्हावा’ असे लिहिले आहे. तसेच ८५ टक्क्यांच्या परिच्छेदाखाली डिस्चार्जच्या वेळेचा वर दिलेला हिशेब जोडला आहे.